लाखोळीचं पोतं

शरयू शाळेत रुजू झाली तेव्हा आपल्याला मुलांच्या जेवणावर धडे घ्यावे लागतील असं तिला वाटलं नव्हतं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ती गणित आणि शरीरशास्त्र शिकली होती. पण नालवाडीच्या पुढे, धाम नदीच्या अंगाला असलेल्या त्या गावातली शाळा बुनियादी होती. मुलं सूत कातायची, भाजीचे वाफे राखायची आणि दुपारचं जेवण पाळीपाळीनं स्वतःच रांधायची. ज्वारीचं पीठ ती घरून आणायची, भाजी वाफ्यातली असायची, आणि डाळ, तेल, गूळ यांच्यासाठी तालुक्याच्या जनपद सभेकडून महिन्याला थोडी रक्कम यायची. मुलांची आमसभा दर महिन्याला एक भोजनमंत्री निवडायची. त्या मंत्र्यानं महिनाभराचं जेवण ठरवायचं आणि पैशात बसवून दाखवायचं.

"जेवण हाच आपला गणिताचा तास समजा," मुख्याध्यापक श्रीनिवास गुरुजींनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "पोरांना भूक लागलेली असते, त्यामुळे लक्षही छान लागतं."

शरयूनं ते मनावर घेतलं. ट्रेनिंगच्या वेळी मिळालेली एक सरकारी पुस्तिका तिच्याकडे होती. तिच्यात धान्यांचा आणि डाळींचा तक्ता होता. तो तिनं फळ्यावर उतरवला आणि अन्नाचे तीन भाग केले: अंग घडवणारं, बळ देणारं आणि रोगापासून राखणारं. प्रत्येक जिनसापुढे वर्ध्याच्या बाजारातला भाव लिहिला. मग मुलांना विचारलं, "ज्वारीची भाकर कुठे बसेल?"

"बळात!"

"अंबाडीची भाजी?"

"राखन्यात!"

"अन् ठेचा, बाई?" मागून एकानं विचारलं. "माहा आजा निरा ठेचा-भाकर खाते. तरी त्यानं काठी आपटली का गावभर आवाज येते."

सगळे हसले, शरयूही हसली. पण त्या दिवसापासून मुलांना त्या तक्त्याचा नाद लागला. घरी काय शिजलं ते सकाळी येऊन सांगायचे, त्यात अंग घडवणारं किती होतं त्यावर वाद घालायचे. तेलाचा भाव वाढला तर शरयूच्या आधी त्यांनाच कळायचं.

माघ महिन्यात कोकिळा भोजनमंत्री झाली. कोकिळा सदाशिवरावांची मुलगी. गावातली सगळ्यात मोठी शेती त्यांची, आणि धान्याचा थोडा व्यापारही होता. पोरगी हुशार, हिशोबाला पक्की, बोलायला धीट. निवडणुकीत तिच्याविरुद्ध यशोदा उभी होती. दोघी एकाच बाकड्यावर बसायच्या, पण यशोदा फार बोलत नसे, आणि मतं बोलणाऱ्याला पडतात.

शरयूनं त्या महिन्याचा प्रश्न घातला: आहे त्याच पैशात प्रत्येक ताटात अंग घडवणारं अन्न जास्तीत जास्त कसं येईल?

मुलं गटागटानं पाटीवर आकडेमोड करत बसली. कोकिळा फळ्यापुढे उभी राहून तक्ता वर-खाली वाचत होती. एकदम ती वळली.

"बाई, सापडलं! लाखोळी!"

तक्त्यात ती होती. तुरीच्या डाळीपेक्षा लाखोळीच्या डाळीत अंग घडवणारं सत्त्व जास्त होतं, आणि भाव जवळजवळ निम्मा. शरयूनं स्वतः आकडे पुन्हा मांडून पाहिले. मुलीचं काही चुकलं नव्हतं. पुण्याकडे ही डाळ तिनं कधी पाहिलीही नव्हती.

"आमच्या घरी पोत्यानं पडून हाय," कोकिळा म्हणाली. "बाबाले मी सांगीन. बजारापेक्षा सस्ती देतीन ते. अन् पैसे वाचले का रोज सगळ्याइले गूळ अन् फल्लीदाने."

गूळ-शेंगदाण्यांचं नाव निघताच वर्गात एकच गलका झाला. हात वर करून मतं मोजायची गरजच उरली नाही.

दोन दिवसांनी सदाशिवरावांची बैलबंडी शाळेपाशी थांबली. गड्यानं लाखोळीच्या डाळीचं भरलेलं पोतं उतरवलं. भाव खरोखरच बाजारापेक्षा कमी लावला होता. श्रीनिवास गुरुजींनी पैसे मोजून दिले. त्या रात्री शरयूनं पुण्याला आईला पत्र लिहिलं. मुलं आपलं आपण शिकायला लागली आहेत, असं त्यात आनंदानं लिहिलं.

सोमवारी पहिल्यांदा लाखोळीचं वरण शिजलं. रांधायची पाळी यशोदाच्या गटाची होती. तिनं चूल पेटवली, पाणी आणलं, भाकरी थापल्या. डाळीचं पातेलं मात्र तिनं चढवलं नाही. ते दुसऱ्या मुलीनं चढवलं. जेवायच्या वेळी यशोदा मिठाबरोबर भाकर खाऊन उठली. गुळाचा खडा तेवढा घेतला. मंगळवारीही तेच झालं.

"वरण का नाही घेतलंस?" शरयूनं विचारलं.

"मले नाई आवडत."

बुधवारी कोकिळा तावातावानं आली. "बाई, यशोदा मुद्दाम करून राह्यली. मी मंत्री झाली ते तिले पाहावत नाई. आता तिच्यामांगं आनखी दोघीजनी वरन नाई म्हनून राह्यल्या."

शाळा सुटल्यावर शरयूनं यशोदाला थांबवून घेतलं. दोघी मेथीच्या वाफ्याच्या बांधावर बसल्या. यशोदा बराच वेळ मातीतली ढेकळं बोटांनी फोडत राहिली.

"कोकिळावर राग आहे का तुझा?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

"बाई, तुम्ही फळ्यावर सगळं लिहिलं. लाखोळीच्या पुढं पायाचं काऊन नाई लिहिलं?"

"कसलं पायाचं?"

"लाखोळीनं पाय जातेत."

शरयूला वाटलं, संध्याकाळी दही खाऊ नये, तिन्हीसांजेला मीठ देऊ नये, तसलंच हे काहीतरी. तिनं समजुतीच्या स्वरात विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

यशोदा उभी राहिली. फ्रॉकला लागलेली माती तिनं झटकली. "घरी चाला. पाहून घ्या," ती म्हणाली.

यशोदाचं घर गावाच्या खालच्या टोकाला होतं. अंगणात तिचा बाप, रामाजी, अंबाडीचा दोर वळत बसला होता. माणूस चाळिशीच्या आतला, दंड पीळदार, खांदे रुंद. बाई आल्या म्हणून त्यानं शेजारची काठी घेतली आणि उठला. शरयू त्याला बसा म्हणणार तोच तो दोन पावलं पुढे आला. गुडघे वाकलेले, एकमेकांवर घासणारे. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. चवड्यांवर अंग तोलत, एक पाय दुसऱ्याच्या आडवा टाकत तो चालला.

"या बाई, बसा. यशोदे, बाईले पानी दे."

शरयू खाटेच्या कडेला बसली. रामाजीही पुन्हा दोर घेऊन बसला. यशोदानंच बापाला सांगितलं, "बाबा, शाळेत लाखोळी आनली."

रामाजीचा हात दोरावर थांबला.

"मी सालदार होतो," तो म्हणाला. "सदाशिवरावच्या वडलाकडं, सालाच्या बोलीवर. एका साली ज्वारी बुडाली तं सालाचं धान्य सारं लाखोळीच भेटलं. तिचीच भाकर, तिचंच चून, तिचंच वरन. पोट भरे. चव बी खराब नाई. मंग एक दिवस वखर धरला होता, अन् पोटऱ्या अशा आखडल्या का पाय उचलेच ना. बैल पुढं गेले, अन् मी मांगं राह्यलो."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं ना. सेवाग्रामले नेलं होतं. ते म्हनले, आता वाढनार नाई, पन गेलं ते बी येनार नाई." तो पुन्हा दोर वळायला लागला. "माह्यावानी आनखी दोघं हायेत या गावात. एक मेला."

यशोदाची आई देवकाबाई दारात उभी होती. नुकतीच सदाशिवरावांच्या शेतातून आली होती. शरयूनं तिला विचारलं, "तुम्हाला मजुरीत अजून तीच मिळते?"

"तेच भेटते. ज्वारी महाग, थे सदाशिवराव बजारात इकतेत. लाखोळी मजुराइले."

"मग तुम्ही काय करता तिचं?"

"रातभर भिजू घालतो, पानी फेकून देतो, उकळून पुन्हा फेकतो. मंग मी खातो थोडीथोडी. पोरीले नाई देत. त्याइले नाई देत." ती किंचित हसली. "मी बाईमानूस. मले काई होत नाई."

देवकाबाईनं चहाचा आग्रह केला. तो बिनदुधाचा, गुळाचा चहा शरयू सावकाश प्यायली आणि घरी परतली. पण त्या पोत्यातली डाळ तीन दिवस मुलांच्या पोटात गेली होती, आणि ती तिच्या फळ्यावरून गेली होती, हे तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळीच डाळ चुलीवर चढू दिली नाही आणि गुरुजींची सायकल घेऊन सेवाग्रामचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. दोन-चार दिवसांच्या खाण्यानं मुलांना काही होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. महिनोन् महिने, दुसरं काही नसताना खाल्ली की पाय जातात, आणि गेलेले परत येत नाहीत.

"किती खाल्ली तर चालते?" शरयूनं विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या माणसाचंही नाही, आणि वाढत्या मुलाचं तर नाहीच."

परत आल्यावर तिनं श्रीनिवास गुरुजींना सगळं सांगितलं. ते टकळीवर सूत कातत ऐकत होते.

"थोड्याशानं काही होत नाही, असं म्हणतात," ते म्हणाले. "निम्म्या जिल्ह्यात बेसनात मिसळतात."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

गुरुजींनी टकळी खाली ठेवली. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "ऐकून होतो. पण आमच्या घरी ती कधी शिजली नाही. त्यामुळे कधी नीट विचारच केला नाही. रामाजीला मी रोज पाहतो, बाई. त्याच्या पायांचा आणि आपल्या पातेल्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही."

शुक्रवारी आमसभा भरली. मुलं चटयांवर बसली होती. कोकिळा मंत्र्याच्या जागी, हिशोबाची पाटी घेऊन. शरयू उभी राहिली.

"माझ्या तक्त्यात एक गोष्ट नव्हती," ती म्हणाली. "मी ती विचारलीही नाही. कोकिळानं हिशोब बरोबर केला. चूक तिची नाही, माझी आहे." मग तिनं डॉक्टरांनी सांगितलं ते सोप्या शब्दांत सांगितलं. रामाजीचं नाव घेतलं नाही. तरी दोन-तीन माना यशोदाकडे वळल्या.

कोकिळाचा चेहरा लाल झाला होता. "पन बाई, आमच्या घरी तं पोतेच्या पोते हायेत! वाईट असती तं बाबानं काऊन ठेवली असती?"

"तुमच्या घरी तिचं वरण कधी झालं, कोकिळा?"

ती बोलायला गेली आणि थांबली. आठवू लागली.

"नाई," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्या घरी तुरीचंच राह्यते. थे सालदाराइसाठी असते."

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं असावं. ती पाटीकडे पाहत बसली.

श्रीनिवास गुरुजींनी सभा पुढे नेली. "आता प्रश्न पोत्याचा. बहुतेक भरलेलंच आहे. परत करू. सदाशिवराव भले गृहस्थ आहेत, पैसे देतील. त्या पैशात तुरीची चुरी, म्हणजे फुटकी डाळ, येईल."

सगळ्यांना ते पटलं. हात वर जायला लागले. तेवढ्यात यशोदा उठली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि तिचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"गुरुजी, परत केलं तं थे कोनाच्या घरी जाईन?"

वर गेलेले हात खाली आले.

गुरुजींना उत्तर माहीत होतं. शरयूलाही. पोतं ठेवलं तर पैसे गेले. परत केलं तर पैसे आले आणि डाळ देवकाबाईच्या पदरात पडली, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या.

"मंग खतात टाका," मागून एक मुलगा म्हणाला.

"अन् गूळ?" दुसऱ्यानं विचारलं.

"गूळ गेला."

"महिनाभर?"

"पैसे भरून निघेपर्यंत," शरयू म्हणाली. "गूळही नाही, दाणेही नाहीत. चुरीचं वरण पातळ होईल. त्याच्यात आपण शेवग्याचा पाला घालू. कमी पडेल, हे मी आधीच सांगते."

वाद पुष्कळ झाला. लहान मुलं गुळासाठी अडून बसली. एकानं तर विचारलं, आपण खाल्ली नाही म्हणजे झालं, दुसऱ्यांचं आपण काऊन पाहावं? त्याला कुणी रागावलं नाही. शेवटी मतं घेतली. खताच्या बाजूनं थोडीच जास्त पडली. कोकिळानं हात कुठेच वर केला नाही, पण मोजणी तिनंच केली आणि आकडा पाटीवर बरोबर लिहिला.

शनिवारी मुलांनी घमेल्यांनी डाळ खताच्या खड्ड्यात टाकली, वर शेण आणि माती घातली. धान्य मातीत घालताना कुणाला बरं वाटत नव्हतं. एका मुलीनं डाळीला हात जोडले. यशोदा फावड्यानं माती ओढत होती. कोकिळा उशिरा आली आणि घमेलं उचलून कामाला लागली.

सदाशिवराव सोमवारी शाळेत आले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, चेहरा उतरलेला.

"मी मदत म्हनून कमी भावानं दिली," ते शरयूला म्हणाले. "तुम्ही ती खड्ड्यात घातली. सारं गाव बोलून राह्यलं, सदाशिवरावानं पोराइले जहर धाडलं म्हनून."

"तसं कुणी म्हणू नये. मीच मागवली होती," शरयू म्हणाली.

"मंग परत धाडायची होती."

"मुलांनी ठरवलं. परत पाठवली तर ती मजुरीत जाईल, असं त्यांना वाटलं."

सदाशिवरावांनी टोपी काढून हातात घेतली. "माह्या आजापासून हे चालू हाय, बाई. हे पीक पान्यावाचून येते. ज्वारी बुडते तवा हेच वाचवते. हे नसतं तं त्या साली लोक उपाशी मेले असते."

"तेही खरं असेल," शरयू म्हणाली. तिला ते खोडून काढता येत नव्हतं, आणि तसं सोंगही तिनं आणलं नाही. "पण यंदा ज्वारी बुडालेली नाही ना?"

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. निघताना वर्गाच्या दारात थांबून त्यांनी आत पाहिलं. कोकिळा फळ्यावर चुरीचा हिशोब मांडत होती. बापाला पाहून ती थांबली नाही.

तो महिना मुलांना जड गेला. वरण पातळ होतं, शेवग्याचा पाला कडवट लागायचा. गुळाची आठवण रोज कुणीतरी काढायचं. फाल्गुनात थोडे पैसे जमले तेव्हा आठवड्यातून एकदा दाणे सुरू झाले. कोकिळा आणि यशोदा पुन्हा एका बाकड्यावर बसू लागल्या, पण पहिल्यासारख्या खुसखुसत नव्हत्या. कोकिळाच्या मनात काहीतरी चालू होतं. एकदा तिनं शरयूला विचारलं, "बाई, माह्या घरचं मी खातो, त्याच्यात कोनाचे पाय हायेत का?" शरयूनं तिला जवळ घेतलं. पण नाही असं ती म्हणाली नाही.

चैत्रात सदाशिवरावांच्या खळ्यावर मजुरांना धान्य मिळायचं होतं. देवकाबाई रांगेत उभी होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "दादा, मले ज्वारी द्या."

"ज्वारी महाग हाय. लाखोळीच्या निम्मी भेटन," सदाशिवराव म्हणाले.

"निम्मी द्या."

तिच्या मागच्या दोघी-तिघींनीही ज्वारी मागितली. बाकीच्यांनी लाखोळीच घेतली. घरात खाणारी तोंडं जास्त होती, आणि निम्म्यात त्यांचं भागणार नव्हतं. देवकाबाईचंही भागणार नव्हतं. पुरवायचं कसं ते तिनं आधीच ठरवलं होतं. रामाजीचे दोर वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचे आणि पाऊस येईतो एक वेळ आंबील करायची.

सदाशिवरावांनी स्वतः पायली भरली आणि वरून हात फिरवून ती सपाट केली. कोकिळा खळ्यावर पोत्यांच्या कडेला बसली होती. ती उठली, ज्वारीच्या राशीतून दोन्ही हातांनी ओंजळ भरली आणि पायलीवर ओतली. मग आणखी एक. दाणे कडेनं घरंगळायला लागले, तेव्हा मापावर चढलेली ती शीग तिनं तळव्यांनी धरून ठेवली.

"हात आवर, कोकिळे," सदाशिवराव म्हणाले.

पण त्यांनी ती शीग पुसली नाही. देवकाबाईनं पदर पसरला, आणि त्यांनी पायली तशीच उपडी केली.